वय बसत नाही

२०२३ च्या मार्गशीर्षात आमच्या गावात बायकांच्या कर्करोग तपासणीचं शिबिर भरलं होतं. पन्हाळ्याच्या पायथ्याचं हे गाव. शाळेच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या, एकीच्या दाराला जुन्या लुगड्याचा पडदा लावला होता. आठवडाभर आम्ही गटातल्या बायका घरोघर बोलावणं करत हिंडलो होतो. चाळीस जणी आल्या तरी पुष्कळ, असं मनात होतं; नव्वदच्या वर आल्या. "मला काय झालंय, मी कशाला येऊ" म्हणणाऱ्यासुद्धा आल्या. मी इतकी हरखून गेले होते की रांगेच्या शेवटी कोण उभं आहे हे पाहायचंही मला सुचलं नाही.

तिथं माझी आत्ती उभी होती. वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती माहेरच्या गावातच राहिली. पन्हाळ्यावर तीन दरवाज्याजवळ झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही विकून तिनं दोन मुलं वाढवली. पहाटे पाटी डोक्यावर घेऊन गड चढायची, दिवसभर चुलीपुढं उकिडवी बसायची, दिवेलागणीला उतरायची. तिचा नंबर लागला तेव्हा नावं लिहून घेणाऱ्या मुलीनं विचारलं, "आजी, वय काय?"

"सत्तर-एकाहत्तर असंल बघ."

"मग तुमचं वय बसत नाही यात. तीस ते पासष्टच आहे."

मुलगी उद्धट नव्हती. तिला जे सांगितलेलं होतं ते ती करत होती. आणि 'वय ३० ते ६५' हे शाळेच्या फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. आत्ती "बरं बाई" म्हणाली आणि घरी जाऊन म्हशीचं वैरण-पाणी बघायला लागली.

हे मला कळलं ते पुढच्या भादव्यात. लुगड्याला रक्ताचा डाग दिसला म्हणून तिच्या सुनेनं मला बोलावून घेतलं. दार लावल्यावर आत्ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "खाज येतीया गं तिथं. तीन वर्सं झाली. आता फोड आल्यागत झालंय. कुणाला दाखवतो मी ह्या वयात?" (आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. पुण्याच्या मैत्रिणी हसतात, हसू देत.)

त्या तीन वर्षांत तिनं कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी केलं, तुरटी केली, खोबरेल लावलं. एकदा धीर करून नातवाकडून औषधाच्या दुकानातली खाजेची ट्यूब आणवली, 'पायाला लावायची हाय' असं सांगून. ती गजकर्णाची निघाली. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा पहिल्यासारखं. एका डॉक्टरांकडे ती गेलीसुद्धा होती. त्यांनी काही न बघता रक्तातली साखर तपासायला सांगितली. साखर थोडी जास्त निघाली. मग काय, खाजेचं कारण सापडलं! साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या ठिकाणी 'आजी, पाळी गेल्यावर कोरडं पडतं, वयानं होतं' असं सांगून परत पाठवलं. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. मधुमेहात तिथं खाज येते, पाळी गेल्यावर कोरडेपणाही येतो. पण लुगडं बाजूला करून बघितलं कुणीच नाही.

कोल्हापूरला ज्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा दिवा लावून बघितलं, त्यांना मिनिटसुद्धा लागलं नसेल. त्यांनी जागा बधिर करून छोटा तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. भगाचा कर्करोग. तोवर जांघेत गाठ लागायला लागली होती.

मैत्रिणींनो, मी गेली तीस वर्षं बायकांच्या आरोग्यावर गावोगाव बोलते आहे. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग, स्तनांचा कर्करोग, हे तक्ते मला पाठ आहेत. पण बाहेरच्या भागाला, म्हणजे लघवीच्या आणि योनीच्या तोंडाभोवतीचे जे मोठे आणि लहान ओठ आहेत, तिथल्या कातडीला कर्करोग होतो, हे मी एकाही बैठकीत कधी सांगितलेलं नाही. मलाच ते धड माहीत नव्हतं. माझ्या घरात तो आला तेव्हा मी विचारत सुटले, वाचत सुटले.

हा कर्करोग विरळा आहे. २०२० साली सगळ्या जगात मिळून याच्या सुमारे ४५ हजार नव्या रुग्ण होत्या असा अंदाज आहे. त्याच वर्षी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सहा लाखांवर होत्या. बायकांच्या जननेंद्रियांचे जेवढे म्हणून कर्करोग, त्यांत याचा वाटा शंभरात चार-पाच. आणि तो मुख्यतः म्हातारपणी येतो. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे निदान होतं तेव्हा बाईचं सरासरी वय सत्तरच्या आसपास असतं. अर्ध्याहून अधिक रुग्ण सत्तरीच्या पुढच्या, आणि पन्नाशीच्या आतल्या शंभरात वीससुद्धा नाहीत. आपल्याकडच्या रुग्णालयांत दिसणाऱ्या बायका त्या मानानं लहान असतात, पन्नाशी-साठीतल्या. आपल्या लोकसंख्येत म्हाताऱ्यांचं प्रमाणच कमी, हे त्याचं एक कारण. पण ज्या म्हाताऱ्या आहेत त्यांतल्या किती जणींना घरचे लोक तालुक्याच्या पुढं घेऊन जातात, हेही विचारायला पाहिजे. आमच्या आत्तीला दोन कर्ते मुलगे होते, तरी तीन वर्षं गेली.

हे वय असं का? या कर्करोगाकडे जायच्या दोन वाटा आहेत. एक एचपीव्ही नावाच्या विषाणूची. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे असतो तोच हा. या वाटेनं येणारा त्यातल्या त्यात लवकर येतो, चाळिशी-पन्नाशीतही. एचआयव्ही असलेल्या बायकांना त्याचा धोका अधिक, कारण विषाणूला परतवायची ताकद शरीरात कमी झालेली असते. कोल्हापूर-सांगली भागात एचआयव्हीवर काम करणाऱ्या मैत्रिणींनी हे ध्यानात ठेवावं. विडी-सिगारेटनंही धोका वाढतो. दुसरी वाट आहे कातडीच्या एका जुनाट आजाराची. डॉक्टर त्याला लायकेन स्क्लेरोसस म्हणतात. पाळी गेल्यानंतर तो जास्त दिसतो. तिथली कातडी पांढुरकी आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते, चिरते, रात्री झोप लागू देणार नाही अशी खाज सुटते. बऱ्याच वर्षांनी लहान ओठ जागच्या जागी विरून गेल्यासारखे होतात, योनीचं तोंड आखडतं. हा आजार असलेल्या शंभर जणींतल्या थोड्याच जणींना पुढं कर्करोग होतो. बाकीच्यांना नुसती खाज भोगावी लागते, आणि 'नुसती' हा शब्द ज्यांनी ती खाज भोगलेली नाही त्यांनी वापरलेला आहे.

या आजारावर औषध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीव्र स्टिरॉइडचं मलम ठरलेल्या पद्धतीनं, नेमानं लावलं तर खाज आटोक्यात राहते, आणि पुढचा कर्करोगाचा धोकाही कमी होतो असं दिसून आलेलं आहे. आता गंमत अशी की दुकानात मागितल्यावर मिळणाऱ्या गजकर्णाच्या पुष्कळशा ट्यूबांमध्येही स्टिरॉइड मिसळलेलं असतं, त्यासोबत आणखी दोन-तीन औषधांची खिचडी. आत्तीला चार दिवस बरं वाटायचं ते त्यामुळं. आजार ओळखला गेला नाही, झाकला मात्र गेला.

म्हाताऱ्या बायकांमध्ये होणारा बराचसा कर्करोग या दुसऱ्या वाटेचा असतो, त्याचा शरीरसंबंधाशी काही संबंध नसतो. हे मुद्दाम सांगते, कारण 'तिथला' रोग म्हटला की गावात पहिला प्रश्न चारित्र्याचा येतो. आत्ती विधवा. निदान झाल्याचं कळल्यावर भावकीतल्या एकानं माझ्या भावाला विचारलंच, "हे कशानं होतंय म्हणं?" त्या 'कशानं'मध्ये काय दडलं होतं ते आम्हा सगळ्यांना कळलं. आणि विषाणूच्या वाटेनं झाला असता तरी काय? आयुष्यभर एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बायकांनाही तो विषाणू सर्रास होतो. त्यावरून आजारी बाईचा पंचनामा करायला हे कोण?

वेळेवर सापडला तर हा कर्करोग शस्त्रक्रियेनं काढता येतो. अमेरिकेतल्याच नोंदी सांगतात, की तो जागच्या जागी असताना उपचार झालेल्या शंभर जणींपैकी ऐंशीहून अधिक जणी पाच वर्षांनी हयात असतात. जांघेतल्या गाठींपर्यंत पोचला की हे प्रमाण निम्म्यावर येतं. आत, खोल कुठं लपलेला हा रोग नाही. डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो. सोनोग्राफी नको, मोठं यंत्र नको. दिवा पाहिजे आणि बघणारं माणूस पाहिजे. औषध करूनही महिनाभरात न थांबणारी खाज, पांढरा, लाल किंवा काळपट जाड चट्टा, चामखिळीसारखी वाढ, भरून न येणारी जखम, लघवी करताना तिथल्या कातडीची आग, पाळी गेल्यावर लुगड्याला लागलेला डाग. यातलं काहीही असेल तर मलम हातात देण्याआधी बघा, आणि शंका आली तर तुकडा तपासा, एवढीच मागणी करायची आहे. ती करायला सत्तरीच्या बाईच्या बाजूनं कुणी उभं नसतं, ही खरी अडचण.

बघायच्या आधी बोलावं लागतं. आत्ती 'तिथं' म्हणाली, याचं मला आधी वाईट वाटलं आणि मग लक्षात आलं, की दुसरं काय म्हणणार ती? त्या भागाला आपल्याकडं एक तर शिव्यांतले शब्द आहेत, नाही तर पोथ्यांतले. वर मी 'भग' लिहिलं खरं, पण गावातल्या बैठकीत म्हटलं तर चार जणींनाही कळणार नाही. बायका 'खालची जागा' म्हणतात, 'लघवीची जागा' म्हणतात, कुणी 'मायांग' म्हणतात. पांढरं जाण्याला निदान 'धुपणी' हा हक्काचा शब्द आहे. म्हणून मग काहीही होत असलं तरी बाई डॉक्टरला 'धुपणी हाय' असं सांगते आणि धुपणीच्या गोळ्या घेऊन येते. बाहेरच्या ओठांना, तिथल्या कातडीला नावच नाही, आणि ज्याला नाव नाही त्याचं दुखणं सांगायचं कसं?

या मुक्या दुखण्याचा आवाज पहिल्यांदा जगाला ऐकवला तो गडचिरोलीनं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून १९८९ साली ती 'लॅन्सेट'मध्ये मांडली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि आधी कधी तपासणी झालेल्या शंभरात फक्त आठ होत्या. तेरा वर्षांच्या मुलींपासून पुढं सगळ्या त्यात घेतलेल्या होत्या. लग्न न झालेल्या होत्या, पाळी गेलेल्याही होत्या. आम्ही त्या काळात हे आकडे तोंडपाठ म्हणायचो. बाई म्हणजे गर्भाशय नव्हे, बाळंतपणापलीकडंही तिला शरीर आहे, हे सरकारला पटवायला ते फार उपयोगी पडले.

पण आम्हाला स्वतःला ते कितपत पटलं होतं? १९९६ च्या सुमारास मी पुणे जिल्ह्यातल्या एका शिबिराला गेले होते. आपलं शरीर आपण ओळखायचं, आरसा आणि टॉर्च घेऊन स्वतःच बघायचं, अशी ती शिबिरं होती. 'शोधिनी' गटाचं 'टच मी, टच-मी-नॉट' हे पुस्तक १९९७ मध्ये आलं, त्याच सुमाराची गोष्ट. पहिल्या दिवशी लाजेनं आम्ही हसून हसून मेलो. तिसऱ्या दिवशी एकमेकींना मदत करत स्पेक्युलम लावून गर्भाशयाचं तोंड बघितलं, आणि मला आठवतं, मी रडले होते. त्या शिबिरानं माझं आयुष्य बदललं, त्याबद्दल एक शब्दही उणा बोलणार नाही. फक्त आता मागं वळून बघताना दोन गोष्टी दिसतात. आरसा हातात आल्यावर आम्ही बाहेरचं सगळं ओलांडून घाईघाईनं आत गेलो. बाहेरच्या कातडीवर निरोगी काय आणि बिघडलेलं काय, हे ओळखायला शिकलोच नाही. आणि त्या शिबिरात सगळ्या पंचविशी ते चाळिशीतल्या होत्या. आई, सासू, आत्या घरी पोरं सांभाळत होत्या, म्हणून तर आम्हाला शिबिराला येता आलं होतं.

त्यानंतर मी जे शंभर-दोनशे वर्ग घेतले, त्यांत पाळी, गर्भनिरोधक, गर्भपात, बाळंतपण, पांढरं जाणं, मारहाण, सगळं होतं. पाळी जाण्याच्या त्रासापर्यंत मी अलीकडं पोचले, कारण तेव्हा ती माझी जायला आली होती! त्यापुढं तक्ता संपायचा. साठी गाठलेली बाई आपल्या देशात सरासरी आणखी अठरा-एकोणीस वर्षं जगते. एवढ्या वर्षांसाठी माझ्या पिशवीत एकही चित्र नव्हतं. सरकारला बोल लावायच्या आधी हे कबूल केलेलं बरं.

आता सरकारकडं येऊ. गर्भाशयमुख, स्तन आणि तोंड या तीन कर्करोगांसाठी गावपातळीवर तपासणी करायचं केंद्र सरकारनं २०१६ साली ठरवलं, वय ३० ते ६५. ही पासष्टची रेघ कुणी खोडसाळपणानं ओढलेली नाही. गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं आम्ल लावून जी तपासणी करतात ती पाळी गेल्यावर तितकी भरवशाची राहत नाही, कारण जो भाग बघायचा तो वर आत सरकतो. महाराष्ट्रात ज्या मोठ्या अभ्यासांनी या तपासण्यांचा पाया घातला त्यांतही वयाला अशीच मर्यादा होती. बार्शीच्या रुग्णालयाच्या आणि टाटा रुग्णालयाच्या सहभागानं तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखावर बायका होत्या. मुंबईच्या वस्त्यांमधल्या अभ्यासात ३५ ते ६४. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ती वयं योग्यच होती. त्या कामानं पुष्कळ बायकांचे जीव वाचलेले आहेत.

माझं म्हणणं वेगळं आहे. टेबलावर निजलेल्या बाईला स्पेक्युलम लावण्याआधी नर्सनं बाहेरचा भाग नजरेखालून घालायचा, हे त्या तपासणीच्या पद्धतीतच आहे. म्हणजे तीस ते पासष्टमधल्या बाईचं तिथलं कातडं निदान एकदा कुणीतरी बघतं. ज्या वयात हा रोग खरोखर येतो त्या वयाच्या बाईला मात्र आपण दारातून परत पाठवतो. आतली चाचणी तिला लागू नसेल तर नका करू. बाहेरून बघायला वयाची अट कशाला? आशाताई घरोघर जो सीबॅक फॉर्म भरून घेतात त्यात बायकांना छातीतली गाठ विचारतात, पाळी गेल्यावर रक्त जातं का विचारतात, संबंधानंतर रक्त जातं का, घाण वासाचं पांढरं जातं का, हेही विचारतात. खाज आहे का, बाहेर जखम किंवा चट्टा आहे का, हे त्यात नाही. हे एक वाक्य घालायला कितीसा कागद लागेल?

उलट बाजूनं बघा. २०२४ च्या ऑक्टोबरात सत्तरीपुढच्या सगळ्यांना, मिळकत न बघता, आयुष्मान योजनेचं कार्ड लागू झालं, पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मोफत. चांगली गोष्ट आहे. राज्याची महात्मा फुले योजनाही आहे. आत्तीची शस्त्रक्रिया तिच्यातच झाली, आम्हाला औषधं आणि येणं-जाणं सोडून फार खर्च आला नाही. म्हणजे सत्तरीची बाई मोठ्या ऑपरेशनला वयात बसते. आधी दिवा लावून बघायचं असतं तेव्हा बसत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या भागात फार दिसते. ऊसपट्टा हा. कारखान्यांचे हंगाम सुरू झाले की बीडकडच्या तोडणी टोळ्या आमच्या शिवारात उतरतात. त्या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. सरकारी समितीसमोर एका बीड जिल्ह्यातल्याच १३,८६१ ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं आलं होतं. आमच्या स्थानिक बायकांतही पस्तिशी-चाळिशीत पिशवी काढलेल्या कमी नाहीत. त्यांच्या तोंडचं एक वाक्य ठरलेलं: "पिशवीच काढली, आता कशाची तपासणी?" तपासणीला या, असं त्यांना कुणी म्हणतही नाही. पिशवी काढल्यानं बाहेरच्या कातडीला काहीच संरक्षण मिळत नाही. तिथं लायकेन होऊ शकतो, कर्करोगही होऊ शकतो. या बायकांनी तर मनानं स्वतःला चाळिशीतच म्हातारीच्या खात्यात घातलेलं असतं.

लशीचं विचाराल तर एचपीव्हीची लस पुण्याच्या सीरमनं जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आणली. विषाणूच्या वाटेनं येणारा भगाचा कर्करोगही तिच्यामुळं पुष्कळसा टळेल. ती नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना द्यायची. आत्तीच्या नातीला जरूर द्या. आत्तीला तिचा उपयोग नाही.

मग आम्ही काय करतो आहोत? शहाणपणा शिकवायला गेले तेव्हा पहिल्याच बैठकीत फजिती झाली. मी जुन्या सवयीनं आरसा काढला आणि म्हटलं, महिन्यातून एकदा आपलं आपण बघायचं. एक म्हातारी म्हणाली, "गुडघं दुमडत न्हाईत माझं, डोळ्यात मोती हाय. आरसा धरून काय बघतो मी, डोंबल?" सगळ्या हसल्या, मीही हसले, पण तिचं बरोबर होतं. आमचा आरसा तिशीच्या बाईचा होता. म्हातारीचं दुसऱ्या कुणीतरी बघावं लागणार. मग प्रश्न आला, कोणी? लेक असेल तर लेक. सुनेला चालेल का? यावर दोन बैठका वादावादी झाली. काही सासवांना सुनेपेक्षा आशाताई बऱ्या वाटल्या, काहींना गावातलीच आशा नको, बाहेरची नर्स हवी. एक सून उठून म्हणाली, "मी हागणं-मुतणं काढलंय तेव्हा लाज न्हवती, आता बघायला लाज?" तिच्या सासूबाईंनी मान खाली घातली, आणि मला त्या दोघींचं नंतर घरी काय झालं असेल याची काळजी लागून राहिली. या गोष्टी फॉर्ममध्ये एक वाक्य घालण्याइतक्या सोप्या नाहीत, हे मला मान्य आहे.

एक मात्र झालं. त्या बैठकांना आत्ती येते. शस्त्रक्रियेत दोन्ही जांघांतल्या गाठी काढल्या, मग पाच आठवडे रोज रेडिएशनची ये-जा. आता डावा पाय सुजून खांबासारखा झाला आहे. गाठी काढल्यावर पाण्याचा निचरा नीट होत नाही, त्यानं तसं होतं. गड चढणं सुटलं. पन्हाळ्याचं नाव २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं तेव्हा तिला कुणीतरी पेपर वाचून दाखवला, तर म्हणाली, "भिताडं बघायला परदेशातनं साहेब आलं म्हणं. बघू देत. भिताडं पण म्हातारीच हायत." बैठकीत ती बाकीच्यांना काय सांगते तर आपल्याला कुठं, कसं, कधी सुरू झालं ते. 'तिथं' म्हणत नाही आता. शिवीतलाच शब्द वापरते, सरळ. पहिल्यांदा चार जणींनी पदर तोंडाला लावला. तिसऱ्या बैठकीनंतर दोघी माझ्यामागून घरापर्यंत आल्या. एकीला साधी बुरशीची लागण होती, औषधानं बरी झाली. दुसरीला लायकेन निघाला, वय अडुसष्ट. तिला मलम सुरू आहे आणि दर सहा महिन्यांनी दाखवायला जायचं आहे. पुढच्या खेपेला कोण सोबत जाणार हे आम्ही वहीत लिहून ठेवलं आहे.

येत्या पौषात पुन्हा शिबिर आहे. आरोग्य केंद्रात जाऊन आम्ही सांगितलं, की पासष्टीपुढच्या बायकाही येणार, त्यांची आतली चाचणी करू नका, पण पडद्यामागं नेऊन नर्सबाईंनी बाहेरून बघावं आणि काही दिसलं तर चिठ्ठी द्यावी. डॉक्टर आधी म्हणाले, रजिस्टरमध्ये त्यासाठी रकाना नाही. मग म्हणाले, बघायला हरकत नाही, नोंद तुम्हीच ठेवा. तर नोंदीसाठी दोनशे पानी वही आणली आहे. वय, तक्रार, किती दिवसांपासून, आधी कुणी बघितलं का, असे चार रकाने आखले आहेत. आणखी गावांतल्या गटांनी अशा वह्या ठेवल्या, तर वर्षभरानं त्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर एकत्र नेता येतील. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी कळवा, आम्ही आखलेलं पान पाठवू.

फळ्यावर या वेळी 'तीस वर्षांपुढच्या सगळ्या' असं लिहिलं आहे. आतापर्यंत पासष्टीपुढच्या अकरा जणींची नावं आली आहेत. सगळ्यांत थोरली अठ्ठ्याऐंशीची आहे, तिला वरच्या वाडीतून खाली आणायला रिक्षा ठरवायची राहिली आहे.